विधीसंघर्षग्रस्त मुलं, त्यांचं बालपण आणि पुढचं आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल न्याय मंडळाच्या बाहेर ताटकळत बसलेले आईबाप, शाळेतले शिक्षक, वस्तीतले कार्यकर्ते, अगदी नव्याने भरती झालेले पोलीससुद्धा फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. कायद्याचं जे आहे ते २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे. संशोधन बरंचसं अमेरिकेतलं, कारण मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा तिकडेच जास्त झालाय. आणि बाकीचं या पोरांसोबत बसून जे कळत गेलं ते.

विधीसंघर्षग्रस्त बालक म्हणजे नक्की कोण? बालगुन्हेगारच ना?

१८ पूर्ण व्हायच्या आधी ज्याच्या हातून गुन्हा घडला किंवा घडल्याचा आरोप आहे तो. चौकशी पूर्ण होईपर्यंत काहीच सिद्ध झालेलं नसतं, गल्लीत मात्र पहिल्याच दिवशी शिक्का बसतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायदा गुन्हा मानतच नाही. २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीन मुलांवर ३०,५५५ केसेस नोंदल्या गेल्या, आणि पकडलेल्यांत पाचातली जवळपास चार मुलं १६ ते १८ वयाची होती. कोयता गँगच्या बातम्या बघून वाटतं की निम्मे गुन्हे हीच पोरं करतायत, पण एकूण गुन्ह्यांत त्यांचा वाटा एक टक्काही भरत नाही.

बालपणीचे आघात म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९५ ते १९९७ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला झाला, डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांचा, त्यात १७ हजारांवर मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. हे लोक गरीब वस्तीतले नव्हते हं, बहुतेक नोकरदार, विमा असलेले. त्यातून पुढे दहा प्रकारांची यादी रूढ झाली: मारहाण, सतत अपमान आणि धाकदपटशा, लैंगिक अत्याचार, खाण्यापिण्याची-कपड्यांची आबाळ, मायेची आबाळ, आईला होणारी मारहाण बघणं, घरात व्यसन, घरात मानसिक आजार, आईवडील वेगळे होणं, आणि घरातलं कुणीतरी जेलमधे असणं. ज्यांच्या वाट्याला यातले चार किंवा जास्त प्रकार आले होते त्यांच्यात दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण, एकही प्रकार न सोसलेल्यांपेक्षा, ४ ते १२ पट निघालं.

आपल्याकडे ही यादी पुरत नाही असं माझं ठाम मत आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघतात, पोर एक तर फडावर जातं नाहीतर म्हाताऱ्या आजीपाशी राहतं आणि शाळा अर्धवट सुटते, हे त्या यादीत कुठं बसवणार? झोपडं एका सकाळी पाडलं जातं, दप्तरासकट सगळं रस्त्यावर येतं, ते कुठं? वर्गात जातीवरून चिडवणं, दहाव्या वर्षापासून हॉटेलात फडकं मारणं, डोळ्यांदेखत मोठ्या भावावर झालेले वार... आणि मार तर आपण मोजतच नाही, कारण पोराला मारलं तर बिघडलं काय अशीच सगळ्यांची समजूत. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर तीनपैकी दोन मुलांनी मारहाण सोसल्याचं निघालं आणि निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला.

गुन्ह्याशी याचा संबंध आहे कशावरून?

फ्लोरिडात ६४,३२९ विधीसंघर्षग्रस्त मुलांचे रेकॉर्ड तपासले, २०१४ साली ते छापून आलं. त्या दहा प्रकारांपैकी एकही वाट्याला न आलेली मुलं होती फक्त २.८ टक्के. सॅन डिएगोच्या लोकांत असे साधारण तिसरा हिस्सा होते. चार किंवा जास्त आघात फ्लोरिडाच्या जवळपास निम्म्या मुलांत, सॅन डिएगोत आठात एकाकडे. शिकागोच्या कोठडीतल्या मुलांवरही लिंडा टेपलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलंय, तिथे ८९८ मुलांना विचारलं तेव्हा ९२.५ टक्के मुलांनी किमान एक तरी भयंकर प्रसंग अनुभवला होता, कुणाला जीवे मारताना पाहिलं, कुणावर स्वतःवरच बंदूक रोखली गेली, असे प्रसंग.

म्हणजे मार खाल्लेलं प्रत्येक पोरगं गुन्हेगार होणार?

नाही. आणि हे मोठ्या अक्षरात लिहावं असं मला वाटतं, कारण अर्धवट वाचून शिक्षकच कधीकधी म्हणतात, याचा बाप जेलमधे आहे, हा तसाच निघणार. कॅथी विडम यांनी १९६७ ते १९७१ या काळात कोर्टात नोंद झालेली, छळ किंवा आबाळ झालेली ९०८ मुलं घेतली, त्यांच्याच वयाची, तशाच भागातली पण अशी नोंद नसलेली मुलं शेजारी ठेवली, आणि पुढे कोण पकडलं गेलं ते बघितलं. पहिल्या गटात अल्पवयातच अटक झालेले २६ टक्के, दुसऱ्यात १७ टक्के. धोका नक्की वाढला, पण छळ झालेल्यांतलीही चारातली जवळपास तीन मुलं त्या वयात पोलिसांपर्यंत गेलीच नाहीत.

मग फरक कशाने पडतो? हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी ती चाळिशीला येईपर्यंत माग ठेवला. गरिबी, घरात दारू, भांडणं अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांतली साधारण एक तृतीयांश धडधाकट, कामाची, माया करणारी माणसं झाली आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, आजी, मावशी, शिक्षक, शेजारची बाई. वस्तीत काम करणाऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही. पोराची आजी जिवंत असेपर्यंत घर कसंबसं सावरलेलं असतं आणि ती गेली की वर्षभरात पोरगं रस्त्यावर, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की पहिल्या भेटीत आजीबद्दल विचारतेच.

पण डोक्यात नेमकं होतं काय? एवढ्याशा कारणावरून थेट कोयता कसा काढतात?

सतत भीतीत वाढलेल्या मुलाचं शरीर कायम तयारीत असतं. ताणाची हार्मोन्स वारंवार उसळतात, धोका ओळखणारा मेंदूचा भाग जरा जरा गोष्टीने पेटतो, आणि थांब, विचार कर म्हणणारा पुढचा भाग तर कुठल्याच मुलाचा या वयात पूर्ण तयार नसतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. सेथ पोलाक यांनी मारहाण झालेल्या मुलांना हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहरे दाखवले तर रागीट चेहरा त्यांना इतर मुलांच्या आधी ओळखू आला. घरात याचा फायदाच असतो, बाप दारात आला की त्याच्या चालण्यावरून आजची रात्र कशी जाणार ते कळावं लागतं. पण हीच सवय घेऊन पोरगं चौकात येतं, कुणीतरी नुसतं बघतं, आणि याला वाटतं खुन्नस देतोय.

समुपदेशनाच्या खोलीत अशी मुलं लगेच कळतात. खुर्ची ओढून भिंतीला पाठ लावून बसतात, दार दिसलं पाहिजे अशी. बाहेर कुणी जोरात फाईल आपटली की वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि दोन मिनिटं पोरगं तिथं नसतंच, नजर दाराकडे. मग लोक म्हणतात हा ऐकत नाही, याचं लक्ष नाही, उर्मट आहे.

आमच्या घरात कसलीच मारहाण नाही, तरी पोरगा वाया गेला. मग?

हा प्रश्न विचारणारे आईबाप आधीच खूप दुखावलेले असतात, म्हणून सांभाळून लिहिते. आपल्याकडे पकडलेली बहुतांश मुलं आईवडलांसोबतच राहणारी असतात, अनाथ-बेघर मुलंच गुन्हे करतात हा समज चुकीचा आहे. मारहाण नसली तरी आबाळ असू शकते आणि ती मुद्दाम कुणी करत नाही. आई पहाटे धुण्याभांड्याला जाते, बाप रिक्षावर किंवा वॉचमनच्या डबल ड्युटीवर, दिवसाचे बारा तास घरात कुणी नाही, यात दोष कुणाचा? शिवाय शाळा. ज्यांच्याशी मी बोलले त्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात शाळा सुटणं आधी आणि पोलीस नंतर असाच क्रम होता. सातवीत वाचता येत नाही, ते लपवायला दंगा, दंग्याबद्दल मार, मार चुकवायला दांडी. एकदा दुपार मोकळी झाली की चौकातला भाई तयारच असतो, तो आधी वडापाव देतो, मग गाडीवर फिरवतो, मग एक पुडी पोचवायला सांगतो.

हे भाई लोक मुद्दाम अल्पवयीन पोरं पुढे करतात, तुला काय होणार, दोन महिन्यात बाहेर येशील म्हणून. यासाठी कायद्यात कलम ८३ आहे, मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. ते कलम लावलं जातंय का हे प्रत्येक पालकाने वकिलाला विचारावं.

मुलींचं काय?

संख्या कमी म्हणून त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. फ्लोरिडाच्या अभ्यासात दहाच्या दहा आघात मुलींमधे मुलांपेक्षा जास्त निघाले, लैंगिक अत्याचारात तर खूपच. घरातल्याच माणसाचा त्रास, तो चुकवायला घर सोडणं, बाहेर ज्याने आसरा दिला त्याच्यासाठी चोरी किंवा डिलिव्हरी, असा प्रवास असतो. अशा मुलीची केस गुन्ह्याची म्हणून बघायची की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून, हे मंडळाला विचारता येतं, गरज असेल तर प्रकरण बालकल्याण समितीकडे पाठवता येतं.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगते. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमधे काही सरळसरळ प्रेमप्रकरणं असतात, दोघं पळून गेले आणि मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली. अशा प्रत्येक मुलामागे आघातांचा इतिहास शोधत बसू नये.

आणि श्रीमंतांची पोरं? पोर्शेवाल्याचं काय बालपण वाईट होतं?

पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये पोर्शे गाडीचा जो अपघात झाला त्यानंतर हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमधे येतो. दोन तरुण जीव गेले, आणि सतरा वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन, लोक भडकले ते साहजिक होतं. त्या मुलाच्या घराबद्दल मला काही बोलायचं नाही. पण त्या एका केसवरून सगळ्या मुलांचा जामीन बंद करा असं जे लोक म्हणायला लागले त्याने मात्र फार वाईट वाटतं, कारण त्याची किंमत मोबाईल चोरीतलं वस्तीतलं पोरगं मोजतं, ज्याच्या बाजूने पहिल्या तारखेला वकीलही नसतो.

हे सगळं म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणं नाही का? ज्याचा मुलगा मेला त्याला काय सांगाल?

त्याला मी बालपणाची गोष्ट सांगणार नाही. त्याला न्याय हवा, नुकसानभरपाई हवी, केसमधे काय चाललंय ते कळायला हवं, आणि त्याच्या दुःखापुढे कुणी गुन्हेगाराची बाजू घेऊन उभं राहू नये. कारण समजून घेणं वेगळं आणि जबाबदारी माफ करणं वेगळं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. उलट या मुलांना जबाबदारी घ्यायला लावणं फार अवघड काम आहे, कारण स्वतःचं दुखणं ज्याला कधी कुणी विचारलं नाही त्याला दुसऱ्याचं दुखणं दिसायला वेळ लागतो. दुसरा व्यवहाराचा मुद्दा असा की १६ वर्षांचं मूल कधी ना कधी बाहेर येणारच आहे, कायद्यात अल्पवयीनाला फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही, मग ते कसं होऊन बाहेर यावं असं तुम्हाला वाटतं?

पकडल्यावर कायद्याने काय व्हायला हवं?

लॉकअपमधे किंवा जेलमधे ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतो, मुलाशी त्यानेच बोलायचं. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक बाई. जामीन हा नियम आहे. तो नाकारायची कारणं कायद्याने तीनच ठेवलीयत: सुटला तर ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हरेल. १६ वर्षांवरच्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केला असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि केस बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं, तिथं मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कार प्रकरणानंतर जो गदारोळ झाला त्यातून ही तरतूद आली. मंडळाच्या सदस्यांकडे बालमानसशास्त्राची पदवी नसेल तर या मूल्यमापनात मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यायलाच हवी असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय.

त्याच्या लहानपणाबद्दल कुणी विचारतं तरी का?

विचारतं. कायद्यानेच विचारायला लावलंय, आणि या सगळ्या लेखात मला सगळ्यात जास्त कळकळीने काही सांगायचं असेल तर ते हेच आहे.

मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने, ज्याला सगळे पीओ म्हणतात, सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्याचा ठरलेला फॉर्म आहे, या कायद्याखाली केलेल्या आदर्श नियमांतला फॉर्म ६. त्यात घरात कोण कोण आहे, आईवडलांचं आपसात कसं आहे, शाळा का सुटली, मूल कामाला जात होतं का, मित्र कोण, व्यसन काय, घरात किंवा बाहेर छळ झालाय का आणि कुणी केला, कुणा मोठ्याने वापरून घेतलंय का, असं सगळं विचारलेलं आहे. म्हणजे सॅन डिएगोच्या यादीतलं बरंचसं तिथं आहेच. जामीन, प्राथमिक मूल्यमापन, शेवटचा आदेश, सगळ्याला हा कागद आधार म्हणून वापरायचा असतो.

आणि तो भरला कसा जातो? एका पीओकडे ढीगभर केसेस, गाडीखर्च मिळेल न मिळेल, मग घरी जाणं होत नाही, आईला ऑफिसला बोलवून टेबलाशी दहा मिनिटांत विचारलं जातं, शेजारी नवरा उभा. मग अहवालात येतं: कुटुंब गरीब. वडील मजुरी करतात. घरातील वातावरण सामान्य. मुलगा वाईट संगतीत आहे. शिफारस, समुपदेशन.

आता तेच घर वेळ काढून पाहिलं तर काय निघतं ते सांगते, एका मुलाचं नाही, अनेकांचं एकत्र करून सांगतेय. घरी गेलं, पहिल्यांदा आई चहा करते आणि सगळं छान आहे म्हणते. पुन्हा गेलं तर बाप नसतो, आणि ती पदराने दंड झाकत बोलायला लागते. बाप पिऊन आला की हा पोरगा धाकट्या बहिणीला उचलून बाहेर पडायचा, सार्वजनिक संडासामागच्या कट्ट्यावर दोघं बसायचे, कधी एक वाजेपर्यंत, कधी तीन. सकाळी वर्गात हा झोपायचा. झोपतो म्हणून मागच्या बाकावर, मग वर्गाबाहेर, मग पालकांना बोलव, आणि पालकांना बोलवायचं नाही म्हणून शाळाच बंद. अकराव्या वर्षी गॅरेज. गॅरेजमधल्या मोठ्या पोरांनी एकदा बापाला दम दिला आणि घरातला मार महिनाभर थांबला. ज्यांनी हे केलं त्यांनी पुढे चाकू धर म्हटलं तर पोरगा नाही कसं म्हणणार?

वातावरण सामान्य लिहिलं तर मंडळ मुलाला आईबापाच्या ताब्यात देतं, म्हणजे त्याच बापाच्या. दुसरा अहवाल असेल तर बापाला व्यसनमुक्तीला पाठवायचं, आईला महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जोडून द्यायचं, पोराला काही काळ मामाकडे ठेवायचं, बहिणीकडे पण बघायचं, असे मार्ग समोर येतात. मुलगा तोच, गुन्हा तोच, एका कागदाने सगळं बदलतं. म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, पीओला खरं सांगा. हा अहवाल गोपनीय असतो, तो गल्लीत वाचून दाखवत नाहीत. आणि पीओ लोकांना दोष देऊन मी मोकळी होत नाहीये, त्यांच्यातले कित्येक स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं भरून गावाला जाऊन येतात, पण माणसं वाढवल्याशिवाय हे होणार नाही.

रिमांड होममधे ठेवलं तर वळण लागेल ना?

काही मुलांना सुरक्षिततेसाठी ठेवावं लागतं हे मान्य. नियमित जेवण, झोप, कुणी तरी शिकवणारं, हे काहींना तिथे पहिल्यांदा मिळतं. पण ठेवल्यानेच सुधारतं याला आधार नाही. शिकागोत दहा वर्षांतल्या ३५ हजारांवर मुलांचा अभ्यास झाला, तिथे कुणाची केस कुठल्या न्यायाधीशापुढे जाईल हे चिठ्ठी उडवल्यासारखं ठरायचं, त्यामुळे सारखीच मुलं कडक आणि मवाळ न्यायाधीशांपुढे गेली आणि तुलना करता आली. कोठडीत गेलेल्यांची शाळा पूर्ण व्हायचं प्रमाण बरंच घसरलं आणि मोठेपणी जेलमधे जायचं प्रमाण वाढलं. मॉन्ट्रियलमधे मुलांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासातही तसंच निघालं, यंत्रणेने जितका कडक हात घातला तितका मोठेपणीचा गुन्हा जास्त. किरकोळ चोरीतलं पोरगं आणि टोळीतलं पोरगं एका हॉलमधे झोपले की नवे नंबर, नव्या ओळखी होणारच. त्यात आघात सोसलेल्या मुलाला बंद दार, शिट्टी, रांग, ओरडा, या सगळ्याने जुनं सगळं वर येतं.

मुंबईत डोंगरी-उमरखाडीचं निरीक्षणगृह, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात ते, ज्या जागेत आहे तो इंग्रजांच्या काळातला तुरुंग होता. भिंती आपण बदलू शकत नाही, आतली वागणूक बदलू शकतो, आणि तिथे मनापासून काम करणारी माणसं आहेत हेही सांगायला हवं.

बटण, सोल्युशन, गांजा... आधी व्यसन सोडवायचं का आधी बाकीचं?

दोन्ही सोबत. झोपेच्या गोळ्या, ज्याला पोरं बटण म्हणतात, किंवा पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर घेऊन ओढणं, हे मजेसाठी सुरू होतं असं वाटतं, पण विचारलं तर उत्तर येतं, डोकं शांत होतं, झोप लागते, भूक लागत नाही. झोप न लागण्याचं कारण तसंच ठेवून गोळी काढून घेतली तर पोरगं दुसरी गोष्ट शोधतं. फार दिवस बटण घेणाऱ्याची गोळी घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागात न्या. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यावर कलम ७७ लागतं.

मोठेपणी यांचं पुढे काय होतं?

सगळ्यात आधी, ही मुलं लवकर मरतात. शिकागोच्या त्या मुलांचा पुढे माग ठेवला तेव्हा मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या चौपटीहून जास्त निघालं, बहुतेक खुनाने. आपण त्यांना मारणारे म्हणून बघतो, मरणारेही तेच असतात. जी जगतात त्यांच्यात व्यसन, डिप्रेशन, स्वतःला इजा करून घेणं, नोकरी न टिकणं, लग्नात भांडणं आणि मारहाण. साहेब रागावला की बापाचाच आवाज ऐकू येतो, मग काम सोडून निघून येतात आणि घरचे म्हणतात याला कष्ट नकोत.

पण एक मोठं पण आहे. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं आणि नंतर न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधे जन्मापासून पाहिलेल्या मुलांत ते दिसलंही, की लहानपणापासून म्हातारपणापर्यंत गुन्हे करत राहणारी मुलं थोडी असतात, बहुतेक जण पौगंडावस्थेत भरकटतात आणि विशीत आपोआप थांबतात, मधे कुणी त्यांचा रस्ता कायमचा बंद केला नाही तर. बॉस्टनच्या ५०० मुलांचे सत्तरीपर्यंतचे आयुष्य पाहून सॅम्पसन आणि लाऊब यांनाही हेच दिसलं, एक चांगली बायको, एक टिकाऊ काम, यांनी वाट बदलली.

सुटून आल्यावर काय करायचं?

पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे. जुने भाई पहिल्याच संध्याकाळी दारात गाडी लावतात. शाळा दाखला देत नाही किंवा घेत नाही, आधार कार्डवर पत्ता जुना, मोबाईल केसमधे जप्त. मुलाला ताब्यात घेताना घरी न्यायचं की मावशी-मामाच्या गावाला, हे आधी ठरवून ठेवा. आयटीआय किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, हे दोन मार्ग खरोखर चालतात. घरात एकच पालक असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा. विशेष गृहातून, म्हणजे मंडळाच्या आदेशाने मुलांना ठेवतात त्या गृहातून, १८ पूर्ण करून निघालेल्याला अनुरक्षणाची, म्हणजे सुटल्यानंतरच्या आधाराची, सोय साधारण २१ वर्षांपर्यंत मागता येते, पण मागावी लागते.

नोकरीला रेकॉर्ड आडवं येईल का?

कलम २४ प्रमाणे यायला नको. मंडळाने ज्याची केस चालवली त्याला त्यापायी कुठलीही अपात्रता लागत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद १६ वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने मोठ्या माणसाप्रमाणे दोषी धरलं त्याचा. निमलष्करी दलाच्या भरतीतल्या एका केसमधे २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही उमेदवाराच्याच बाजूने निकाल दिला. चारित्र्य पडताळणीत अडवलं तर तोंडी वाद न घालता लेखी द्या आणि विधी सेवा प्राधिकरणात जा.

बातमीत, व्हॉट्सॲपवर नाव-फोटो आला तर?

तो गुन्हा आहे, कलम ७४. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शाळेचं नाव, पत्ता, ओळख पटेल असं काहीही टाकायचं नाही, फॉरवर्ड करणाऱ्यालाही हे लागू आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ॲडमिन असाल तर लगेच डिलीट करा.

आत्ता, या क्षणी पोरगं पकडलंय. काय करू?

जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला घेऊन ठाण्यात जा, वय सिद्ध करायला शाळेचं प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला आधी बघतात, ते नसेल तरच हाडांची तपासणी. बालकल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा. मुलाला मारलेलं दिसलं तर मंडळापुढे पहिल्याच दिवशी सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, ऑफिस जिल्हा कोर्टातच असतं. चाइल्डलाइनचा १०९८ चोवीस तास चालू असतो. फिट, दमा, मनोविकाराची काही औषधं चालू असतील तर चिठ्ठीसकट द्या. आणि पीओ ज्या दिवशी भेटायला बोलवेल त्या दिवशी आईने शक्यतो एकटीने जावं, शाळेचे जुने निकाल, दवाखान्याचे जुने कागद, घरात काही झालं असेल तर पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत, जे काही जपून ठेवलं असेल ते सगळं सोबत न्यावं आणि अहवालात लिहून घ्या म्हणून सांगावं.